बालवाडीतलं जादा न्यायालय

मोठ्या साहेबांनी मला खोलीत बोलावलं आणि "बसा" म्हणाले, तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. न्यायालयाच्या कचेरीत माझी एकोणतीस वर्षं झाली. एवढ्या काळात साहेब लोकांनी मला "इकडे या", "हे काय आहे?" आणि "जा आता" याखेरीज फारसं काही ऐकवलेलं नाही. बसायला सांगितलं की आता काहीतरी उचलायला सांगणार, हे एखाद्याच्या लक्षात आलं असतं. मी मात्र बसलो आणि वर पंखा वाढवू का म्हणून विचारलं.

साहेबांनी एक पत्र पुढे सरकवलं. आमच्याकडे प्रकरणं इतकी तुंबली होती की कपाटं भरली, कपाटांवरच्या जागा भरल्या, मग जिना भरला. जिन्यावरून लोक आडवे होऊन चढत. मध्यंतरी एक साक्षीदार दमून एका गठ्ठ्यावर तासभर बसला होता, आणि आम्ही वर त्याच्याच प्रकरणाची फाईल शोधत होतो. हे कुठून तरी वरपर्यंत गेलं असावं, कारण पत्रात एक जादा न्यायालय मंजूर झालं होतं. खाली यादी होती: न्यायाधीश एक, अधीक्षक एक, लिपिक तीन, शिपाई एक.

माझी नजर "अधीक्षक एक" या शब्दांवर जी बसली ती उठेचना. मी गेली अकरा वर्षं सहायक अधीक्षक आहे. निवृत्तीला आठ महिने उरलेले. सहायक म्हणजे काय, हे ज्याच्या वाट्याला आलं त्यालाच कळतं. चूक झाली की ती आपली, काम झालं की ते अधीक्षकांचं.

"न्यायालय उभं करा, अधीक्षक तुम्हीच," साहेब म्हणाले. "पण शेवटची ओळ वाचा."

शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की महिनाअखेरीपर्यंत या न्यायालयात किमान एका प्रकरणाची सुनावणी न झाल्यास मंजुरी आणि सर्व पदं आपोआप रद्द होतील. महिना संपायला बावीस दिवस होते. बावीस दिवसांत आमच्याकडे साधा नकलेचा अर्ज एका टेबलावरून शेजारच्या टेबलावर जात नाही, पण हे मी साहेबांना सांगितलं नाही.

घरी येऊन मी चपला काढेपर्यंत बायकोने वरच्या मजल्यावर बातमी पोचवली होती. वरच्या मजल्यावर निवृत्त इंजिनिअर राहतात. ते कानाला पेन्सिल लावूनच खाली आले.

"जागा किती लागेल?"

"अजून जागाच नाही," मी म्हणालो.

"मग तर सोपं आहे. कोणत्याही मापाची चालेल." आणि त्यांनी माझ्या विजेच्या बिलामागे न्यायालयाचा नकाशा काढला. त्यात पाण्याची टाकी होती, गाड्यांसाठी छप्पर होतं. न्यायाधीशांनी बसायचं कुठे, तेवढं राहिलं होतं.

जागा शेवटी बायकोनेच शोधली. मागच्या गल्लीत एका बाईंची बालवाडी होती. बाईंनी छत्तीस वर्षं ती चालवली आणि गुडघे बोलायला लागल्यावर दोन वर्षांपूर्वी बंद केली. हॉल प्रशस्त, उजेड भरपूर, बाई शेजारच्याच दोन खोल्यांत राहणार. गावातले निम्मे वकील, दोन डॉक्टर आणि आमचा एक शिपाई त्यांच्याच हाताखालून गेलेले. मी विचारायला गेलो तेव्हा बाईंनी मला दारातच थांबवून पायांकडे बघितलं. मी बाहेर जाऊन चपला काढून, पाय पुसून पुन्हा आलो. तेव्हा मला "ये" म्हणाल्या.

हॉलच्या चारही भिंतींवर चित्रं होती. ससा, हत्ती, गाजर खाणारा घोडा, छत्री घेतलेलं बदक. सगळी बाईंनी स्वतः काढलेली. हत्तीला पाच पाय दिसत होते. पण मी नोकरीत एक गोष्ट शिकलो आहे की ज्याच्याकडून जागा हवी आहे त्याच्या हत्तीचे पाय मोजू नयेत.

पुढचे दहा दिवस झकास गेले. सुतार आला, न्यायासनासाठी चौथरा करायला लागला. वीजवाला आला. रंगारी शिडी घेऊन आला. वरून आलेल्या सूचनापत्रात भिंती पांढऱ्या असाव्यात असं स्पष्ट लिहिलं होतं. मी रोज कचेरी सुटल्यावर तिथे जाऊन कमरेवर हात ठेवून उभा राहायचो. कमरेवर हात ठेवून उभं राहणं हे अधीक्षकाचं निम्मं काम असतं, असं माझं निरीक्षण आहे.

अकराव्या दिवशी दोन गोष्टी एकदम घडल्या, आणि त्यांतली कुठलीही एक आधी किंवा नंतर घडली असती तर मला ही हकिगत सांगावी लागली नसती.

पहिली म्हणजे नव्या न्यायालयाचा शिक्का आला. गोल, जड, लाकडी मुठीचा. नव्या शिक्क्याचं काय आकर्षण असतं ते ज्यांनी आयुष्य शिक्के मारण्यात घालवलं त्यांनाच विचारावं. मी सकाळपासून तो खिशात घेऊन फिरत होतो आणि कशावर मारावा, हे बघत होतो.

दुसरी म्हणजे रंगाऱ्याने दारावरच्या सशाच्या कानाला हात घातला आणि बाई आतून बाहेर आल्या.

"चित्रं पुसायची नाहीत," बाई म्हणाल्या.

"बाई, मला काय, मी पांढरा लावायला आलोय," रंगारी म्हणाला.

"बाई, वरून सूचना आहेत," मी म्हणालो.

"तोंडी नको. मी लेखी देते." बाईंनी दुरेघी वहीचं पान फाडलं, ठसठशीत अक्षरात "चित्रे पुसू नयेत" असं लिहिलं, खाली सही केली आणि कागद माझ्या हातात दिला.

आता पुढे जे झालं त्यात माझा दोष किती आणि एकोणतीस वर्षांचा किती, हे वाचकांनीच ठरवावं. माझ्या हातात अर्ज आला. समोर अर्जदार उभा. शिडीवर सामनेवाला उभा. माझ्या हाताने आपोआप खिशातलं पेन काढलं आणि अर्जाच्या समासात लिहिलं: "अर्ज वाचला. सामनेवाले यांनी आपले म्हणणे द्यावे. तोपर्यंत जैसे थे." खाली सही, तारीख. आणि मग, सकाळपासून शिवशिवणाऱ्या त्याच हाताने, खाली नवाकोरा शिक्का. असा स्वच्छ उठला की मी कागद लांब धरून बघत राहिलो.

रंगारी शिडीवरून उतरला. त्याने तो कागद दोनदा वाचला आणि त्याचा चेहराच बदलला. त्याच्या भावाच्या कुंपणाचं प्रकरण आमच्याकडे होतं. त्यातही असाच "जैसे थे" आदेश होता, आणि रंगाऱ्याने टॉवेल वाळत घालायला त्या कुंपणात एक खिळा ठोकला होता. त्या एका खिळ्यापायी तो चार वर्षं तारखांना येत होता. त्याने ब्रश खाली ठेवला.

"अहो, तसं नाही, हे आपलं माझं..." मी म्हणालो.

"शिक्का आहे," तो म्हणाला, आणि निघाला. मी त्याला निदान शिडी तरी घेऊन जा म्हटलं. "आदेश झाला तेव्हा शिडी इथे होती. मी हलवणार नाही." शिडी दाराच्या बरोबर मधोमध होती.

सुताराने हे सगळं ऐकलं होतं. चौथऱ्याला चारपैकी तीन पाय लागले होते आणि चौथ्याच्या लाकडात करवत अर्धी गेलेली होती. त्याने करवतीवरून हात अलगद काढून घेतला आणि करवत तिथेच ठेवून घरी गेला. वीजवाल्याचा पंखा छतातून दोन तारांवर लोंबत होता. तो वर न बघताच निघून गेला. बाई माझ्यावर मात्र बेहद्द खूष झाल्या. "शहाणा आहेस," म्हणाल्या आणि त्या आदेशाची खरी नक्कल मागितली. मी ती दिली. शिक्क्यासकट.

म्हणजे मी फाडून टाकायची सोयही ठेवली नव्हती.

त्या संध्याकाळी आमच्या दिवाणखान्यात बैठक भरली. माझा मेहुणा वकील आहे. त्याने नक्कल वाचली आणि इतका वेळ हसला की बायकोने त्याला पाणी आणून दिलं.

"भाऊजी, हा आदेश फक्त तेच न्यायालय मागे घेऊ शकतं ज्याने तो दिला."

"पण ते न्यायालय अजून सुरूच झालेलं नाही!"

"ते सुरू झालं की मागे घेता येईल."

"पण आदेश मागे घेतल्याशिवाय ते सुरू कसं होणार?"

"हा मुद्दा चांगला आहे," मेहुणा म्हणाला आणि पुन्हा हसायला लागला. वरचे इंजिनिअर म्हणाले, दाराऐवजी खिडकी मोठी करा, म्हणजे शिडीचा प्रश्न मिटेल. बायको एवढंच म्हणाली, "अहो, मी सगळ्यांना सांगून बसले आहे." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. मला खरोखर भीती वाटत होती. अधिकार नसताना न्यायालयाचा शिक्का वापरणं हा काही गमतीचा मामला नाही. अधीक्षक होणं राहिलं बाजूला, आठ महिने सहायक म्हणून तरी ठेवतील की नाही, याची शंका होती.

मी बाईंना अर्ज मागे घ्या म्हणून विनवलं. बाई म्हणाल्या, चित्रं राहतील असं लिहून दे. ते लिहायचा अधिकार मला नव्हता. तसा तो आधीही नव्हता, पण आता मी सुधारलो होतो. मी रंगाऱ्याकडे गेलो, तुझं म्हणणं तरी दे म्हटलं. तो म्हणाला, म्हणणं वकील देतील, मुदत पाहिजे. "किती?" असं विचारता विचारता मी जीभ चावली. शेवटी धीर करून वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं की अमुक अमुक कारणाने काम थांबलं आहे, मार्गदर्शन व्हावं. सहा दिवसांनी उत्तर आलं: सदर बाब न्यायप्रविष्ट असल्याने त्यावर भाष्य करता येत नाही.

फायलींचीही तीच रड. एक हजार एकशे चाळीस प्रकरणं जुन्या न्यायालयातून इकडे यायची होती, पण आमचे रेकॉर्डवाले नियमाचे पक्के. कपाटं दाखवा, फायली घ्या, एवढंच त्यांचं म्हणणं. कपाटं करणार होता सुतार, आणि सुतार आदेशाला घाबरून रस्त्यात मला बघून गल्ली बदलत होता.

अशा रीतीने महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला.

नवे न्यायाधीश परगावाहून अकराला पाच मिनिटं कमी असताना आले. तरुण, किरकोळ, हातात एकच बॅग. शिडीखालून वाकून आत आले, आणि आत येताच बाईंनी त्यांच्या पायांकडे बघितलं. ते मुकाट्याने बाहेर जाऊन बूट काढून आले. मला तेवढ्यातही जरा बरं वाटलं. त्यांनी लोंबणारा पंखा बघितला, तीन पायांचा चौथरा बघितला, करवत बघितली आणि बदक बघितलं. चौथऱ्यावर बसणं शक्यच नव्हतं, म्हणून बाईंनी आपली उंच पाठीची खुर्ची आणून दिली. बातमी लागल्यामुळे सात-आठ वकील आले होते, त्यांत माझा मेहुणाही. बसायला बालवाडीच्या खुर्च्या. काळे कोट घातलेली मोठी मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून ओळीने बसली होती, आणि बाई तिथे आहेत म्हणून कोणी बोलत नव्हतं. इतकी शांतता मी कुठल्याही न्यायालयात पाहिलेली नाही.

"आजची यादी?" नव्या साहेबांनी विचारलं.

"साहेब, फायली अजून पोचलेल्या नाहीत," मी म्हणालो.

"एकही नाही?"

"एकही नाही."

"आज एक तरी प्रकरण चाललं पाहिजे, हे माहीत आहे ना?"

माहीत नसायला काय झालं!  कोटाच्या आतल्या खिशात तो दुरेघी कागद होता, आणि तो बाहेर काढला तर न्यायालय वाचणार होतं आणि मी बुडणार होतो. न काढला तर दोघंही बुडणार होतो, पण निदान चारचौघांत नाही.  हे सांगायला मला लाज वाटते, पण मी कोटाची बटणं लावून घेतली.

"माझं आहे की," बाई म्हणाल्या. "याच्या खिशात आहे. काढ रे."

मी काढला. साहेबांनी वाचला. उलटा करून बघितला, शिक्का बोटाने चाचपला.

"या न्यायालयाचा मी पहिला न्यायाधीश. मी आज आलो. मग दहा-अकरा दिवसांपूर्वी हा आदेश कोणी दिला?"

 बाई बघत होत्या, आणि त्यांच्यासमोर खोटं बोलायची कोणाची टाप नव्हती. "मी दिला, साहेब."

"कोणत्या अधिकाराने?"

"अधिकाराने नाही, साहेब. सवयीने."

मागे मेहुण्याच्या घशातून आवाज आला. बाईंनी वळून बघताच तो बंद झाला. साहेब खाली मान घालून बराच वेळ लिहीत होते. त्यांचे खांदे हलत होते, पण ते कशाने, हे मला त्या कोनातून दिसलं नाही. मग त्यांनी प्रकरण पुकारायला सांगितलं. मी पुकारलं. अर्जदार बाई समोरच होत्या, आणि सामनेवाला रंगारी बाहेर आपल्या शिडीवर लक्ष ठेवून उभा होता, तो आत आला.

"तुमचं म्हणणं काय?" साहेबांनी विचारलं.

रंगाऱ्याने वकिलांकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि मुदत मागायचं विसरला. "साहेब, माझी पोरगी याच बालवाडीत शिकली. तो ससा मला कशाला पुसायचाय? मला यांनी सांगितलं पुसायला." आणि त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

वीस मिनिटांत निकाल झाला. न्यायाधीशांच्या मागची भिंत पांढरी, बाकीच्या तिन्ही भिंतींवरची चित्रं कायम. अधिकार नसताना दिलेला आदेश रद्द. आणि शेवटी एक ताशेरा, जो मला स्वतःच्या हाताने नोंदवहीत उतरवावा लागला: "अधीक्षक यांनी आपल्या सवयींना आवर घालावा."

मी तो घरी येऊन वाचून दाखवला. आता तरी बायको हळहळेल, दोन शब्द धीराचे बोलेल, अशी माझी अपेक्षा होती.

"अधीक्षक म्हणालेत ना?" ती म्हणाली. "लेखी?"

"लेखी."

"मग झालं तर." आणि ती वरच्या मजल्यावर गेली.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण महिना संपला की न्यायालयाचा तक्ता वर पाठवावा लागतो, आणि अधीक्षक म्हणून माझा तो पहिलाच तक्ता. मी मोठ्या प्रेमाने भरला. दाखल एक, निकाली एक, प्रलंबित शून्य. एवढा स्वच्छ तक्ता आमच्या खात्यात आजवर कोणी पाठवला नसेल. तिसऱ्या दिवशी खास माणूस पत्र घेऊन आला. या न्यायालयात एकही प्रकरण प्रलंबित नसल्याचं दिसून येतं, सबब न्यायालय व त्यावरील पदं का काढून घेऊ नयेत, याचा खुलासा आज कार्यालय बंद होण्यापूर्वी करावा.

मी आयुष्यात एवढा धावलो नव्हतो. रेकॉर्डवाले म्हणाले, कपाटं? सुतार म्हणाला, आठ दिवस. मी बाईंच्या दारात जाऊन मटकन बसलो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आतली एक खोली उघडली. तिथे भिंतभर खण होते, मुलांची दप्तरं ठेवायचे. मुलांना वाचता येत नव्हतं म्हणून प्रत्येक खणावर एक चित्र. रेकॉर्डवाल्यांनी खण मोजले, खोली मोजली, नियम पुन्हा वाचला. त्यात कपाटावर चित्र नसावं असं कुठेही नव्हतं. त्यांना हात टेकावे लागले.

गाडी मिळेना. तेव्हा जिन्यावर तारखेची वाट बघत बसलेली माणसंच उठली. फायली पक्षकारांच्या हातात देता येत नाहीत, म्हणून गठ्ठा आमच्यातल्या नाहीतर वकिलांतल्या एकाने धरायचा आणि ज्यांचं प्रकरण त्यांनी सोबत चालायचं, असं ठरलं. रस्त्याने अशी रांग लागली की रहदारी थांबली. मेहुण्याने कोट काढून गठ्ठे वाहिले. वरचे इंजिनिअर चौकात उभे राहून पेन्सिलीने दिशा दाखवत होते. जमिनीची प्रकरणं हत्तीच्या खणांत, भाडेकरूंची सशाच्या, मारामाऱ्या वाघाच्या, असं बाईंनी लावून दिलं. चारच्या सुमाराला शेवटचा गठ्ठा आत गेला आणि मी खुलासा लिहायला घेतला. प्रलंबित प्रकरणं: एक हजार एकशे चाळीस. तुंबलेल्या कामाचा आकडा लिहिताना कोणाला एवढा आनंद झाला असेल असं मला वाटत नाही. माझे तर डोळे भरून आले. त्या पत्राला पुढे "नोंद घेतली" एवढंच उत्तर आलं. आमच्याकडे याला मोठा विजय समजतात.

पत्र रवाना करून मी मान वर केली, तर समोर एक म्हातारे चष्मेवाले उभे. आपल्या फायलीसोबत चालत आले होते ते. दुकानाच्या भिंतीचं प्रकरण, चौदा वर्षांचं.

"पुढची तारीख?" त्यांनी विचारलं. सवयीनेच विचारलं, आणि ऐकायच्या आधीच मान हलवून ठेवली.

मी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी नवी कोरी डायरी उघडून माझ्याकडे फिरवली. सगळी पानं रिकामी होती.

"उद्या," मी म्हणालो. "अकरा वाजता."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "उद्या म्हणजे... उद्या?"

"उद्याच."

ते बालवाडीच्या एका खुर्चीवर हळूच टेकले. "मग आता घरी कशाला जाऊ, म्हणतो मी. इथेच बसतो. मधेच काही बदललं तर?"

 बाई पुढे झाल्या. चष्मेवाले त्यांच्याहून चार-पाच वर्षांनी मोठेच असतील. बाईंनी त्यांना हाताला धरून उठवलं.

"काही बदलत नाही. पाच वाजले, सगळ्यांनी घरी जायचं. उद्या वेळेवर ये."

"हो बाई," चष्मेवाले म्हणाले, आणि दारात चपला घालून हसत हसत घरी गेले.